हा हा टोंका: गॅसवाल्या शेठचा डोंगरावरचा महाल ओस का पडला?

माधुरी_कॅन्सस
मंडळी, बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात ओझार्क म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथे कॅमडेंटन गावाजवळ हा हा टोंका नावाच्या जागी अडीचशे फुटांच्या कड्यावर एका दगडी महालाच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, मजले नाहीत, खिडक्यांतून आरपार आकाश दिसतं. सगळे त्याला 'कॅसल' म्हणतात, पण तो किल्ला कधीच नव्हता. कॅन्सस सिटीतल्या रॉबर्ट मॅक्क्लूर स्नायडर नावाच्या श्रीमंत माणसानं बांधायला घेतलेलं ते उन्हाळ्यात राहायचं घर. किराणा मालाचा ठोक व्यापार, मग बँक, मग नैसर्गिक गॅस असं करत करत त्यानं पैसा केला, इथली पाच हजार एकरांहून जास्त जमीन तुकड्या-तुकड्यानं विकत घेतली आणि १९०५ मध्ये बांधकाम काढलं. साडेतीन मजली इमारत, मधोमध छतापर्यंत मोकळा चौक, शेजारी घोडागाड्यांची इमारत, ८० फुटी पाण्याचा मनोरा, काचघरं. स्कॉटलंडहून गवंडी आणले होते. दगड जवळच्याच खाणीतला, तो खेचरांच्या गाड्यांनी आणि रुळांवरच्या छोट्या गाड्यांनी वर आणायचे.

१९०६ मध्ये कॅन्सस सिटीत मोटार अपघात झाला आणि स्नायडर गेला. मिसूरीत मोटार अपघातात मेलेल्या पहिल्या काही माणसांमध्ये त्याचं नाव घेतात. काम बंद पडलं, पुढे मुलांनी १९२२ च्या सुमाराला ते कसंबसं पूर्ण केलं. नंतर तिथे हॉटेल चाललं, १९४२ मध्ये आग लागून सगळं खाक झालं आणि १९७८ मध्ये राज्यानं जागा घेऊन स्टेट पार्क केलं.

आता माझा मुद्दा. यूट्यूबवर जो तो या जागेला 'शापित महाल' म्हणतो. मला ते मुळीच पटत नाही. अपघात आणि आग या दोन गोष्टी सोडल्या तर मधली छत्तीस वर्षं कुणी सांगतच नाही, आणि माझ्या मते घर मेलं ते त्या मधल्या वर्षांत. तर प्रश्न दोन: हे घर ओस का पडलं असं तुम्हाला वाटतं? आणि राज्यानं ते पुन्हा बांधून काढायला हवं होतं की भिंती आहेत तशा ठेवल्या हेच बरं?

भटकभवानी
वा, मस्त विषय! नाव वाचूनच लेकीनं हसायला सुरुवात केली, आता दिवसभर घरात हाच घोष चाललाय. वाचतेय.

गडकोट_वेडा
पहिल्या प्रश्नाचं माहीत नाही, दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. आहे तसंच ठेवा. पडक्या वास्तूवर नवीन दगड चढवले, वर रंग फासला की जुनं काय आणि कालचं काय तेच कळेनासं होतं. निदान भिंती तरी खोटं बोलत नाहीत.

नीलकंठ_प
माधुरी, धाग्याबद्दल आभार. माझा जीव भूशास्त्रात, त्यामुळे मला तिथे महालापेक्षा खालची जमीन जास्त आवडली. हा सगळा कार्स्ट प्रदेश, म्हणजे विरघळणाऱ्या खडकाचा. पाणी जमिनीखालून वाहत वाहत दगड खातं, गुहा होतात, मग गुहेचं छत कोसळतं आणि मोठाले खड्डे उरतात. तिथला 'कलोसियम' नावाचा खड्डा अंदाजे पाचशे फूट लांब आणि तीनशे फूट रुंद आहे, आणि लगेच पुढे शंभरेक फूट उंचीचा नैसर्गिक दगडी पूल. एकाच जुन्या गुहेचं छत बहुतेक ठिकाणी पडलं, जेवढं टिकलं तेवढ्याचा पूल झाला. महालाच्या कड्याखालून जो झरा निघतो तो दिवसाला सुमारे ४.८ कोटी गॅलन पाणी सोडतो. स्नायडर हे सगळं बघून वेडा झाला असेल तर मला त्याचं काही नवल वाटत नाही.

आणि एक. १८३० च्या दशकात इथल्या गुहांमध्ये खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या टोळ्या लपायच्या. म्हणजे शेठ यायच्या आधीपासूनच इथे पैशाची कामं चालू होती!

भटकभवानी
नीलकंठ, शेवटचं वाक्य :))

सुलभाताई_ठाणे
वाचून छान वाटलं गं माधुरी. मला एकच विचारायचंय. ती पाच हजार एकर जमीन कुणाची होती? एवढी जमीन एका माणसाच्या नावावर जाते तेव्हा आधी तिथे कुणीतरी राहत असतंच की. आणि ते दगड कुणी उचलले? शेठचं नाव फलकावर लागतं, खेचर हाकणाऱ्याचं लागत नाही.

माधुरी_कॅन्सस
सुलभाताई, खरंय. ओझार्कमधली छोटी छोटी शेतकरी कुटुंबं होती, त्यांच्याकडून एकेक तुकडा घेत घेत इस्टेट जमवली. त्याच्याही आधी हा सगळा ओसेज या मूळनिवासी लोकांचा मुलूख. कारागीर बाहेरचे असले तरी ओझं वाहायला, खाणीत फोडायला आसपासचेच लोक. बांधकाम थांबलं तेव्हा त्यांचाही रोजगार थांबला असणार, त्याबद्दल मात्र कुणी व्हिडिओ करत नाही.

इतिहास_खोदकाम
माधुरीताई, स्नायडरच्या पैशाची एक बाजू राहिली, ती सांगतो. १८९८ मध्ये सेंट लुईस शहरात ट्रामचा ठेका मिळवायला त्यानं नगरसभेतल्या लोकांना लाच दिली. रक्कम अडीच लाख डॉलरच्या घरात होती आणि तो ठेका नंतर त्यानं साडेबारा लाख डॉलरला विकला. जोसेफ फोक नावाच्या सरकारी वकिलानं ते प्रकरण उकरून काढलं, १९०२ मध्ये स्नायडरला पाच वर्षांची शिक्षा झाली. १९०४ मध्ये मिसूरीच्या सुप्रीम कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. आणि महालाचं काम सुरू कधी झालं? १९०५. या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. तोच फोक त्या वेळेपर्यंत राज्याचा गव्हर्नर झाला होता.

त्यामुळे 'निसर्गप्रेमी उद्योजकाचं अधुरं स्वप्न' वगैरे वाचलं की मला राग येतो. तो निसर्गप्रेमी असेलही. पण सेंट लुईसच्या रहिवाशांच्या खिशातून गेलेले पैसेही त्या दगडांत आहेत.

सुलभाताई_ठाणे
हे मला अजिबात ठाऊक नव्हतं. शाबास रे.

गडकोट_वेडा
भारी माहिती. पण मग सगळे राजवाडे याच हिशेबानं बघावे लागतील ना. कुठला महाल निव्वळ घामाच्या पैशानं उभा राहिलाय?

इतिहास_खोदकाम
बघावेतच. त्यात वाईट काय आहे? पाडा म्हणत नाहीये मी, फक्त पूर्ण सांगा म्हणतोय. तिथे जाणाऱ्या माणसाला दोन्ही गोष्टी कळल्या तर त्याचा आनंद कमी होणार नाही.

अनंत_स्थापत्य
मी निवृत्त स्थापत्य अभियंता, आयुष्य जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत गेलं, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो.

१९४२ ची आग शेकोटीतून उडालेल्या ठिणग्या छपरावर पडून लागली. अशा इमारतींमध्ये बाहेरून सगळा दगड दिसतो, आत मात्र मजले, तुळया, जिने, छप्पर, सगळं लाकूड. त्यात मधोमध तळापासून छतापर्यंत मोकळा चौक, म्हणजे धुराडंच. एकदा वरून पेटलं की हवा खालून खेचली जाते आणि मजल्यामागून मजला जातो. डोंगराच्या टोकावर बंब कुठून येणार.

आता भिंती का टिकल्या आणि किती टिकतील ते बघू. मजले असतात तेव्हा ते भिंतींना आतून आवळून धरतात. ते जळाले की तीन मजले उंच भिंत एकटी पडते, वाऱ्याचा सगळा जोर तिच्यावर. दुसरं म्हणजे वालुकाश्म तापला की त्यातलं लोह लालसर होतं, आणि ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्झचे कण एकदम फुगतात, त्यानं दगडाला आतून चिरा जातात. बाहेरून धडधाकट दिसणारा दगड आतून कमकुवत झालेला असतो. तिसरा आणि सगळ्यात मोठा शत्रू पाणी. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यातून पाणी थेट गाभ्यात उतरतं. मिसूरीत हिवाळ्यात ते गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. दरवर्षी हेच. सांधे उघडतात, मग त्यात रोपटी रुजतात.

त्यामुळे 'आहे तसंच ठेवा' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, आहे तसं काहीही आपोआप राहत नाही. भिंतींचे माथे बंद करावे लागतात, सांधे भरावे लागतात, आणि ते सुद्धा जुन्या दगडाला सोसेल अशा चुन्याच्या मालानं. कडक सिमेंट भरलं की पाणी दगडातून बाहेर पडायला लागतं आणि दगडच झडतो. अवशेष म्हणून टिकवणं हे सुद्धा कायमचं काम आहे, एकदा करून सोडून द्यायचं नाही. पुन्हा बांधणं त्याहून कितीतरी अवघड, कारण त्या तापून निघालेल्या दगडावर नवीन मजल्यांचा भार टाकायला मी तरी सही करणार नाही.

गडकोट_वेडा
अनंतकाका, हे वाचून खूप शिकायला मिळालं. माझं मत तेच आहे, फक्त आता त्यामागे कारण आलं :)

भटकभवानी
+१. काका, तुम्ही यावर वेगळा धागा काढा ना, जुन्या वाड्यांच्या भिंतींवर.

अनंत_स्थापत्य
काढीन, नक्की काढीन. आधी इथलं संपू दे.

रेवा_ईस्टकोस्ट
मी दोन उदाहरणं देते, म्हणजे माधुरीच्या पहिल्या प्रश्नाला जरा मदत होईल.

एक व्हर्जिनियातलं स्वॅननोआ. रिचमंडचा रेल्वेवाला जेम्स डूली आणि त्याची बायको सॅली मे, दोघांनी ब्लू रिजच्या डोंगरावर १९१२ मध्ये संगमरवरी महाल पूर्ण केला, जिन्यावर टिफनीची मोठी काचेची खिडकी, तीत सॅली मेचंच चित्र. तो १९२२ मध्ये गेला, ती १९२५ मध्ये. मूलबाळ नव्हतं. एवढा खटाटोप करून जेमतेम दहा-बारा उन्हाळे! पुढे काही दिवस क्लब, मग बंद, मग १९४० च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर रसेल आणि लाओ रसेल या जोडप्यानं भाड्यानं घेऊन तिथे स्वतःची तत्त्वज्ञानाची संस्था थाटली आणि ती पुढे कित्येक दशकं तिथे होती. म्हणून निदान छप्पर राहिलं.

दुसरं न्यू हॅम्पशायरमधलं 'कॅसल इन द क्लाउड्स', मूळ नाव लकनाउ. थॉमस प्लँट, बुटांच्या धंद्यातला कोट्यधीश, सहा हजारांहून जास्त एकर, १९१४ च्या आसपास घर तयार. रशियन रोख्यांत वगैरे पैसा घालवला आणि १९४१ मध्ये मेला तेव्हा कफल्लक. पण तिथे नंतरच्या मालकांनी घर लोकांना दाखवायला उघडलं, आणि २००२ मध्ये एका संवर्धन ट्रस्टनं ती जागा विकत घेतली. आज आतलं फर्निचरसुद्धा बघता येतं.

तिन्ही माणसं साधारण एकाच काळातली, तिघांचंही घर डोंगरावर आणि तिघांचाही पैसा एका पिढीत संपला किंवा वाटेला लागला. तरी एक महाल धडधाकट, एक अर्धामुर्धा आणि एक नुसत्या भिंती. फरक शापाचा नाही, नंतर कुणी रोज दार उघडायला होतं का, एवढाच आहे असं मला वाटतं.

भुताळी_मंग्या
शाप म्हटल्यावर मला यावंच लागलं. अहो पण मालक अपघातात गेला, घर आगीत गेलं आणि मनोरासुद्धा आगीतच गेला! एवढे योगायोग?

माधुरी_कॅन्सस
मंग्या, मनोरा १९७६ मध्ये टवाळखोरांनी पेटवला. ते भूत असेल तर काडेपेटी घेऊन हिंडणारं भूत :) २००० नंतर राज्यानं त्याची डागडुजी केली, आता उभा आहे.

रेवा, दार उघडायला कुणी होतं का हा मुद्दा मला फार पटला. आता मधल्या वर्षांबद्दल लिहिते, त्यासाठीच धागा काढला होता.

मुलांनी घर पूर्ण केलं खरं, पण वडिलांच्या नकाशाप्रमाणे नाही, पैसा पुरेल तसं. वरचे मजले कधीच हव्या त्या थाटाचे झाले नाहीत. थोरला मुलगा रॉबर्ट ज्युनियर तिथे राहायचा, त्याला पक्षी-प्राणी-झाडांचा नाद. आणि मग १९२९ मध्ये सेंट लुईसच्या युनियन इलेक्ट्रिक कंपनीनं ओसेज नदीवर बॅगनेल धरण बांधायला घेतलं. १९३१ मध्ये पाणी साठलं आणि लेक ऑफ द ओझार्क्स झाला, त्या काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या मानवनिर्मित तलावांपैकी एक. त्याचं पाणी ओसेजच्या उपनद्यांत मागे मागे शिरत कड्याच्या पायथ्याशी आलं. झऱ्याच्या स्वच्छ पाण्याचा जो तलाव स्नायडरांनी जपला होता तो त्या मोठ्या तलावानं गिळला. वर घर तसंच, पण ज्या दृश्यासाठी ते घर तिथे होतं तेच बदललं. स्नायडरांनी कंपनीला कोर्टात खेचलं, खटले वर्षानुवर्षं चालले. तोवर गॅसच्या धंद्यातलं घराण्याचं वर्चस्वही गेलं होतं आणि वर मंदी. रॉबर्ट ज्युनियर १९३७ मध्ये वारला. मग घर हॉटेलसाठी भाड्यानं दिलं. म्हणजे १९४२ ची ठिणगी पडली तेव्हा ते कुणाचं घर राहिलंच नव्हतं.

माझ्या मते हे घर आगीनं नाही गेलं, धरणानं आणि खटल्यांनी गेलं.

मुठेकाठचा
माधुरी, धरणाचं वाचून थांबलो. तिकडे १९२९, आपल्याकडे १९२१. मुळशीत धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर पाणी चढणार म्हणून सत्याग्रह झाला, विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते, बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्यानं दिली. १९२४ पर्यंत लढा चालला, शेवटी धरण झालंच. वीज मुंबईला गेली.

मग स्नायडरांचं वाईट वाटायचं ते किती? त्यांच्याकडे वकील लावायला पैसे होते, दुसऱ्या शहरात घर होतं. त्या ओसेजच्या खोऱ्यात दुसरं कुणी बुडालं नाही का?

माधुरी_कॅन्सस
बुडालं ना. लिन क्रीक नावाचं अख्खं गाव बुडालं, ते त्या कौंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, मुख्य ठिकाण होतं. कचेरी, दुकानं, घरं, सगळं. कबरीसुद्धा उचलून वर हलवल्या. कॅमडेंटन, जिथून आज लोक महाल बघायला जातात, ते त्यानंतर वसवलेलं नवं गाव. महालाच्या भिंतींचे रोज शेकडो फोटो निघतात, पाण्याखालच्या लिन क्रीकचा कुणी काढणार नाही. पण मुठेकाठचा, एक लक्षात घे, मंदीच्या ऐन वर्षांत त्या धरणाच्या कामानं हजारो माणसांना मजुरीही दिली. तिथली जुनी माणसं धरणाबद्दल बोलताना दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात.

सुलभाताई_ठाणे
हेच तर. मी पहिल्यांदा विचारलं होतं ती जमीन कुणाची. स्नायडरनं शेतकऱ्यांकडून घेतली, मग कंपनीनं स्नायडरच्या पोरांचं सुख घेतलं, आणि शेवटी ती सगळ्यांची झाली. शेवट तरी बरा झाला म्हणायचा.

इतिहास_खोदकाम
सुलभाताई, हा शेवट बराच आधी होऊ शकत होता. १९०९ मध्ये, म्हणजे स्नायडर गेल्यावर तीनच वर्षांनी, गव्हर्नर हर्बर्ट हॅडली यांनी हा हा टोंका राज्याचं पहिलं स्टेट पार्क करावं असं सुचवलं होतं. विधिमंडळानं पैसे दिले नाहीत. दिले असते तर घर अर्धवट अवस्थेतच राज्याकडे आलं असतं, झऱ्याचा तलाव सार्वजनिक मालकीचा असता, आणि धरणाच्या वेळी भांडायला राज्य उभं राहिलं असतं. ६९ वर्षं वाया गेली.

नीलकंठ_प
भांडलं असतं पण जिंकलं असतंच असं नाही हो. त्या काळी राज्यांनासुद्धा वीज हवीच होती. बाकी १९०९ ची गोष्ट मोलाची आहे. त्या वेळी कुणाला तरी महाल नाही, खालचे खड्डे आणि झरा जपण्यासारखा वाटला, हे माझ्यासारख्याला फार सुखावणारं आहे.

परदेशी_पंत
मला वेगळंच वाटतं, राग नका मानू. तुम्ही सगळे भिंती तशाच ठेवा म्हणताय, पण एक पिढी अशी येईल की तिला त्या भिंतींत काहीच दिसणार नाही. निदान पायथ्याच्या एका खोलीपुरतं तरी छप्पर घालून आत जुने फोटो, नकाशे, खाणीतली अवजारं, लिन क्रीकची माहिती, ट्रामच्या लाचेची कागदपत्रं असं काही मांडलं असतं तर? फक्त भिंत बघून माणूस सेल्फी काढतो आणि निघतो.

गडकोट_वेडा
पंत, ती माहिती बाजूच्या इमारतीत द्या, अवशेषांवर नको. आमच्याकडे गडावर जातो तेव्हा जोत्याचे दगड बघून वाडा केवढा असेल हे मनात उभं करायला जी मजा येते ती तयार खोलीत नाही येत.

परदेशी_पंत
तुला येते कारण तू वाचून जातोस. सगळे वाचून जात नाहीत.

अनंत_स्थापत्य
पंतांच्या बाजूनं एक सांगतो. मनोऱ्याच्या दुरुस्तीतून दिसतं की जिथे बांधकाम सुटसुटीत आहे तिथे राज्यानं हात घातला. मुख्य घरात तो घातला नाही हे योग्यच, पण छोट्या इमारतीत प्रदर्शन करणं तांत्रिकदृष्ट्या काही अवघड नाही. त्यामुळे तुम्ही दोघं मला वाटतं तितके लांब नाही आहात.

भुताळी_मंग्या
म्हणजे भुतांनी मनोऱ्यात शिफ्ट व्हायचं :))

संपादक_मंडळ
वाडे आणि किल्ल्यांच्या संवर्धनावर अनंत_स्थापत्य यांनी वेगळा धागा काढावा ही विनंती, इथे हा हा टोंकावरच चर्चा राहू द्या.

रेवा_ईस्टकोस्ट
मूळ प्रश्नाकडे येते. माधुरी म्हणते धरणानं घालवलं, मला अजूनही ते अर्धंच वाटतं. प्लँटकडे धरण नव्हतं, तरी तो बुडाला. डूलीकडे खटले नव्हते, तरी घर रिकामं झालं. अशी घरं मुळातच वर्षातले तीन महिने वापरायला बांधलेली असतात. बाकी नऊ महिने माळी, राखणदार, गवंडी, पाणी चढवणारा, या सगळ्यांचे पगार चालूच. उत्पन्न शून्य. घोडागाडीच्या काळात शहरातल्या उन्हाळ्यातून पळून जायला ते ठीक होतं, पुढे मोटार आली, रस्ते आले, लोक दोन दिवसांसाठी कुठेही जायला लागले. पाच हजार एकरांचा खर्च कशाला करायचा मग? धरण नसतं तर हे घर आणखी वीस वर्षं रखडलं असतं, एवढंच.

माधुरी_कॅन्सस
रेवा, डूली आणि प्लँटच्या बाबतीत अगदी पटतं. स्नायडरांचं मला वेगळं वाटतं कारण इथे राहायला उत्सुक असा एक मुलगा खरोखर होता. त्याला महालाची हौस नव्हती, त्या जंगलाची होती. तो वर्षभर तिथे रमणारा माणूस होता. अशा माणसाची उमेदीची वर्षं आणि पैसा खालच्या पाण्यासाठी कोर्टात गेला. तलाव वाचला असता तर कदाचित मोठा महाल बंद करून तो घोडागाड्यांच्या इमारतीत राहिला असता, पण इस्टेट सोडली नसती असं मला मनापासून वाटतं.

मुठेकाठचा
हे वाचल्यावर त्या रॉबर्ट ज्युनियरबद्दल मलाही वाटलं, वाईट. बापाच्या ट्रामच्या ठेक्याशी पोराचा काय संबंध.

इतिहास_खोदकाम
संबंध एवढाच की घर त्या पैशावर होतं. पण माणूस म्हणून तू म्हणतोस ते मान्य.

भटकभवानी
आता एक साधा प्रश्न. आम्ही पुढच्या वर्षी बहिणीकडे कॅन्सस सिटीला जाणार आहोत, सोबत सासूबाई असतील, गुडघे दुखतात. जमेल का?

माधुरी_कॅन्सस
जमेल की. गाडीनं तीनेक तास लागतात. महालाच्या अवशेषांपर्यंत पार्किंगपासून थोडंच चालावं लागतं, तिथून खालचं सगळं दिसतं. झऱ्याकडे उतरायला मात्र लाकडी जिना आहे, ३१६ पायऱ्या, तिकडे सासूबाईंना नेऊ नकोस. त्या वर बसतील, तुम्ही लेकीला घेऊन खाली जाऊन या. ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर पानांचा रंग मिळेल आणि उकाडाही नसेल. जून-जुलैत तलावावर बोटींची गर्दी असते, आवाज वरपर्यंत येतो.

नीलकंठ_प
आणि कलोसियम चुकवू नका! सगळे महाल बघून परत फिरतात. नैसर्गिक पुलाखालून चालत जा, त्यावरूनही जा, पूर्वी इस्टेटीत यायचा रस्ता त्या पुलावरूनच होता.

भटकभवानी
दोघांचेही आभार. ऑक्टोबरचंच बघते, लेकीच्या शाळेच्या सुट्टीचं जमलं तर.